स्मरण, परीक्षा आणि जात

'याच्या डोक्यात काही राहत नाही' हा आपल्या शिक्षणव्यवस्थेतला सर्वात स्वस्त निकाल आहे. तो देण्यासाठी पुरावा लागत नाही आणि एकदा दिला की त्यावर अपील चालत नाही. आधी शिक्षक तो देतात, मग आईबाप तो खाली मान घालून ऐकून घेतात आणि दोन-तीन वर्षांत तो विद्यार्थी स्वतःच स्वतःविषयी तेच बोलू लागतो. हा निकाल कोणाच्या वाट्याला येतो याची यादी कोणी छापलेली नाही; परंतु महाविद्यालयाच्या वर्गात ज्यांनी काही वर्षे काढली आहेत त्यांना ती यादी पाठ असते. बीडीडी चाळी, गिरणगावातल्या उरल्यासुरल्या चाळी, झोपडपट्ट्या, कोळीवाडे. स्मरणशक्ती ही निसर्गाची देणगी आहे असे म्हणतात. देणगी वाटताना निसर्ग वस्तीचा पत्ता विचारतो, यावर माझा विश्वास नाही.

मी मराठी शिकवतो. मानसशास्त्र हा माझा विषय नाही. माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो आणि गेली काही वर्षे दर रविवारी वरळी कोळीवाड्यात मुलामुलींचा अभ्यासवर्ग घेतो. या वर्गाच्या निमित्ताने स्मरण आणि अध्ययन या विषयावरील मानसशास्त्रज्ञांचे संशोधन वाचावे लागले. त्यात एक नाव महत्त्वाचे आहे : अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री रोडिगर. त्यांच्या संशोधनाची चिकित्सा हा या लेखाचा विषय आहे. हे संशोधन आपल्या हिताचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु ते जिथे थांबते तिथून आपला प्रश्न सुरू होतो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

सेंट लुइसकडे वळण्यापूर्वी आपल्या परंपरेने स्मरणाविषयी काय ठरवून ठेवले होते ते पाहणे आवश्यक आहे. गौतम धर्मसूत्राच्या बाराव्या अध्यायात शूद्रासाठी तीन शिक्षा सांगितल्या आहेत. त्याने वेद मुद्दाम ऐकला तर कानात कथील किंवा लाख ओतावी. उच्चारला तर जीभ छाटावी. आणि लक्षात ठेवला तर शरीर दुभंगावे. या शिक्षांचा क्रम पाहा. ऐकण्याला कान, बोलण्याला जीभ, पण लक्षात ठेवण्याला सगळा देह. ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांना स्मरणाची सत्ता नेमकी ठाऊक होती. ज्या माणसाच्या डोक्यात काही राहतच नाही त्याच्यासाठी अशी शिक्षा लिहून ठेवावी लागत नाही. शूद्राच्याही लक्षात राहते, आणि राहिले तर आपली मक्तेदारी मोडते, ही भीती या सूत्राच्या मुळाशी आहे. पुढे शिक्षा गेली, परंतु 'यांच्या लक्षात राहत नाही' हा समज मागे उरला. आधी मनाई केली आणि नंतर मनाईच्या परिणामाला स्वभाव म्हटले, असा हा व्यवहार आहे.

अलीकडचे एक उदाहरण या संदर्भात नोंदवले पाहिजे. २०१६ साली जेम्स हार्टझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ वेदपाठी पंडितांच्या आणि तितक्याच इतर व्यक्तींच्या मेंदूंची यंत्राद्वारे तुलना करून निबंध प्रसिद्ध केला. भाषा आणि स्मरण यांच्याशी संबंधित काही भागांत पंडितांच्या मेंदूतील करडा भाग अधिक आढळला. या मोजमापाशी माझे भांडण नाही. लहानपणापासून हजारो तास पाठांतर केलेल्या माणसाचा मेंदू त्या सरावाचा ठसा बाळगत असेल, तर त्यात आश्चर्य कसले? सराव मिळाला, ठसा उमटला. पण आपल्याकडच्या अनेकांनी या निबंधाचा उपयोग संस्कृतचा आणि परंपरेचा महिमा गाण्यासाठी केला. ज्यांचे पाठांतर हा गुन्हा ठरवला गेला त्यांच्या मेंदूंवर काय ठसा उमटला असेल, हा प्रश्न त्या कौतुकसोहळ्यात कोणी विचारला नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेकडो पदे तोंडपाठ गाणाऱ्या शाहिराला त्या यंत्रात झोपवावे, असेही कोणाला सुचले नाही.

आता मूळ विषयाकडे येऊ. स्मरणाचे प्रयोगशास्त्र सुरू झाले ते जर्मनीत. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रयोग करणारे तेच आणि प्रयोग ज्याच्यावर केला तो माणूसही तेच. सुमारे २३०० अर्थहीन अक्षरसमूह त्यांनी तयार केले, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि ठराविक काळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजले. वीसेक मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचले, एका दिवसाने सुमारे ३४ टक्के, महिन्याने अवघे २१ टक्के. याचा अर्थ साधा आहे. एका जर्मन विद्वानाने स्वतः घोकून पाठ केलेल्या गोष्टींचा लाभ एका दिवसात दोन तृतीयांशाने आटला. विसरणे हा कोणा एका समाजाचा दोष नसून तो मनाचा सर्वसाधारण धर्म आहे, हे प्रयोगाने दाखवून देणारा हा पहिला ग्रंथ. आमच्या मुलांना हे कोणीतरी वेळेवर सांगायला हवे होते.

परंतु अर्थहीन अक्षरांवर केलेल्या प्रयोगाला मर्यादा आहे, कारण माणूस अर्थाशिवाय काही लक्षात ठेवत नाही. ही मर्यादा केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालच्या आपल्या ग्रंथात उघड केली. त्यांनी अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही काळाने आठवून सांगायला लावली. शिकलेल्या, सुस्थित इंग्रज माणसांनी तिची पार मोडतोड केली. जे त्यांच्या जगात बसत नव्हते ते गळाले, उरलेले त्यांनी आपल्या ओळखीचे करून घेतले. कथेतल्या होडक्याची साधी 'बोट' झाली आणि सीलची शिकार करणारे तरुण 'मासेमारी' करू लागले. आता या इंग्रजांना कोणी मंदबुद्धीचे म्हटले नाही. बार्टलेट यांनी एवढेच म्हटले की माणूस नवी गोष्ट आपल्या आधीच्या अनुभवाच्या चौकटीत बसवून लक्षात ठेवतो. चौकट परकी असली की स्मरण ढासळते. त्याच ग्रंथात आफ्रिकेतील स्वाझी गुराख्याची हकिगत आहे. वर्षभरापूर्वी आपल्या मालकाने केलेल्या गुरांच्या खरेदीचा तपशील, कोणाकडून, कोणत्या रंगाचे, केवढ्याला, असा त्याने धडाधड सांगितला, आणि पडताळणी केली तेव्हा किरकोळ दोन चुका निघाल्या. गुरे हेच ज्याचे जगणे, त्याच्या डोक्यात गुरे राहिली.

बार्टलेट यांचा हा सिद्धान्त वरळी कोळीवाड्यात लावून पाहा. शाळेच्या भूगोलात भरतीचे दोन प्रकार शिकवतात, उधाणाची भरती आणि भांगाची भरती. माझ्या वर्गातल्या एका मुलीने या दोन्हींच्या व्याख्या शाळेत पाठ केल्या होत्या आणि परीक्षेत त्यांची अदलाबदल करून ठेवली होती. 'उधाण' आणि 'भांग' हे शब्द किनाऱ्यावरच्या माणसांचे, तिच्या आजोबांच्या रोजच्या बोलण्यातले. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. आणि रोज भरती साधारण पाऊण तास पुढे सरकते. हे गणित कोळ्याच्या घरात कॅलेंडरावर लिहून ठेवत नाहीत. पुस्तकाने तिच्या आजोबांचे शब्द उचलले, परंतु हे शब्द तुझ्या घरचे आहेत एवढे एक वाक्य तिला कोणी सांगितले नाही. मग त्या मुलीसाठी तिच्याच घरची गोष्ट परमुलखातली लोककथा झाली आणि केंब्रिजच्या वाचकांप्रमाणे तिनेही तिची मोडतोड केली. फरक एवढाच की त्या वाचकांना नापास केले गेले नव्हते.

कोळीवाड्याच्या स्मरणाला पुरावा म्हणून किंमत मिळावी यासाठी संघर्ष करावा लागतो, हे सागरी किनारा रस्त्याच्या वेळीही दिसले. क्लिव्हलँड बंदरातून नावा बाहेर पडण्याच्या वाटेवर पुलाचे खांब येणार होते आणि दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवले होते. खडक कुठे आहेत, प्रवाह नावेला कसा ओढतो, हे जाणणाऱ्या मच्छीमारांनी हे अंतर अपुरे असल्याचे सांगितले, काम अडवले, आंदोलन केले. २०२२ च्या अखेरीस १२० मीटर अंतर मान्य झाले. त्यांची मागणी त्याहून अधिक होती. जे ज्ञान कागदावर नसून माणसांच्या स्मरणात आहे ते ऐकून घेण्यासाठी आपल्या व्यवस्थेला आंदोलन लागते. शाळेच्या वर्गात मात्र आंदोलन करायला मूल एकटे असते.

आता प्रा. रोडिगर यांच्याकडे वळू. २००६ साली त्यांनी आणि जेफ्री कार्पिके यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत पुस्तक न पाहता जे आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा वाचणाऱ्यांची सरशी होती : त्यांना ८३ टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने तपासले तेव्हा पारडे फिरले. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते, आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. या प्रयोगाचा निष्कर्ष असा की आठवण्याचा प्रयत्न हीच शिकण्याची क्रिया आहे. परीक्षा केवळ ज्ञान मोजत नाही, ती ज्ञान घडवते. केंट स्टेट विद्यापीठाचे जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींची छाननी केली, तेव्हा स्वतःची परीक्षा घेणे आणि अभ्यास अंतराअंतराने विभागणे या दोनच पद्धती वरच्या दर्जाच्या ठरल्या. पुन्हा पुन्हा वाचणे आणि ओळींखाली रेघा मारणे या पद्धती खालच्या दर्जाच्या ठरल्या. आमची मुले रात्र-रात्र जागून नेमके हेच करतात, कारण त्यांना अभ्यास म्हणजे एवढेच दाखवलेले असते.

या संशोधनाची मोठी गोष्ट अशी की ते स्मरणाला 'शक्ती' या पदावरून खाली आणते. स्मरण ही जन्माने मिळणारी मिळकत नाही. ते श्रमाने आणि योग्य रीतीने घडणारे काम आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून मोजले गेले त्यांच्यासाठी हा निष्कर्ष प्रयोगशाळेतला असला तरी तो मुक्तीच्या बाजूचा आहे. आणि तो कोळीवाड्यात रोज खरा ठरलेला दिसतो. समुद्र कोळ्याची दिवसाकाठी दोनदा परीक्षा घेतो. भरतीची वेळ चुकली तर त्याचा निकाल त्याच दिवशी लागतो. बाजारात बसणारी बाई कोणाकडे किती उधारी आहे हे वहीशिवाय सांगते, कारण गिऱ्हाईक समोर आले की तिला ते आठवावेच लागते. कोणत्या वाट्याला काल काय भाव मिळाला, आज कोणता सांगायचा, हेही तिला आठवावे लागते. रोडिगर यांनी प्रयोगशाळेत सिद्ध केलेले तत्त्व या बाईच्या टोपलीशी रोज वापरात आहे : अर्थ असलेली गोष्ट, पुन्हा पुन्हा आठवण्याची गरज, आणि चूक लगेच कळण्याची सोय. त्याच बाईची मुलगी महाविद्यालयात येते आणि या तीनही गोष्टी गमावते. तिला अर्थ न कळलेली नोंदवही मिळते, आठवण्याची संधी सत्राच्या शेवटी एकदाच मिळते आणि चूक कळते ती निकालाच्या दिवशी, जेव्हा ती सुधारण्याचा काही उपयोग नसतो.

इथपर्यंत मी रोडिगर यांच्या बरोबर आहे. आता मतभेद सांगतो. पीटर ब्राउन आणि मार्क मॅकडॅनिएल यांच्यासह त्यांनी २०१४ साली 'मेक इट स्टिक' हे पुस्तक सामान्य वाचकांसाठी लिहिले. पुस्तक उत्तम आहे. परंतु ते ज्याच्याशी बोलते तो विद्यार्थी एकटा आहे. त्याला योग्य पद्धत सांगितली की तो खोलीत जाऊन ती वापरेल, असे त्यात गृहीत आहे. त्याला खोली आहे, वेळ आहे आणि पुस्तक मिटल्यावर प्रश्न विचारणारे कोणी नसले तरी स्वतःला विचारण्याइतका आत्मविश्वास आहे. आपल्याकडे यातले काय गृहीत धरता येईल?

पांढरपेशा घरात हा प्रयोग रोज संध्याकाळी फुकट चालतो. आई पोळ्या लाटता लाटता म्हणते, पुस्तक मीट आणि म्हणून दाखव. वडील जेवताना विचारतात, काल शिकवलेले सांग. यालाच प्रयोगशाळेत आठवणीचा सराव म्हणतात. त्या घरातले मूल पहिलीपासून दहावीपर्यंत असे हजारो वेळा विचारले गेलेले असते आणि मग शाळेत त्याला जे गुण मिळतात त्यांना गुणवत्ता असे नाव मिळते. आमच्या घरात आई पहाटे धक्क्यावर किंवा घरकामाला गेलेली असते. संध्याकाळी असली तरी पुस्तकातले काय विचारायचे ते तिला ठाऊक नसते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. कोळीवाड्यातल्या अनेक घरांची आवक थांबते तेव्हाच महाविद्यालयांचे प्रवेश आणि शुल्क समोर उभे राहते. पद्धतीचा प्रश्न त्यानंतर येतो.

बाबासाहेबांचे उदाहरण देऊन आपल्या मुलांना गप्प करण्याची एक रीत आहे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहून ते शिकले, मग तुम्हाला काय झाले, असे विचारले जाते. परंतु ती हकिगत पूर्ण सांगितली जात नाही. रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिकवलेले, स्वतः वाचणारे वडील होते. खोली लहान म्हणून मुलाला लवकर झोपवून पहाटे दोन वाजता ते त्याला अभ्यासाला उठवत. खोली एक होती, पण विचारणारा माणूस घरात होता. यामुळे बाबासाहेबांच्या थोरवीला उणेपणा येत नाही. उलट एका प्रचंड बुद्धीलाही विचारणारा माणूस लागतो, हे त्यातून दिसते. आज आपल्या वस्त्यांत तो माणूस कोण, हा खरा प्रश्न आहे.

दुसरा मतभेद भीतीविषयी आहे. आठवणे ही क्रिया चारचौघांत होते तेव्हा त्या चारचौघांत आपण कोण आहोत हेही आठवते. एल्फिन्स्टन हायस्कूलमधला प्रसंग सर्वांना माहीत आहे. शिक्षकांनी बाबासाहेबांना गणित सोडवण्यासाठी फळ्याजवळ बोलावले आणि फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून सवर्ण मुले ते हलवायला धावली. त्या क्षणी फळ्यावरचे गणित किती जणांना सोडवता आले असते? याचे उत्तर सुमारे शंभर वर्षांनी प्रयोगाने मिळाले. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी २००३ साली उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवायला दिले. ३२१ मुले उच्च जातींची आणि ३२१ खालच्या मानलेल्या जातींची. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांत फरक पडला नाही. नावाबरोबर जात सगळ्यांसमोर उच्चारली तेव्हा खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी सुमारे एक पंचमांशाने किंवा त्याहून अधिक घसरली. मुले तीच, कागद तेच. मधे फक्त डबे हलवण्याचा आवाज आला. हा प्रयोग स्मरणाचा नव्हता हे मी विसरत नाही. परंतु ज्या मनाने चक्रव्यूह सोडवायचा त्याच मनाने आठवायचेही असते.

तपासणाऱ्याच्या हातीही जात असते. रेमा हन्ना आणि ली लिंडन यांनी भारतात केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उत्तरपत्रिकांवर जात यदृच्छेने लिहिली होती. खालची मानलेली जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना थोडे कमी गुण मिळाले. फरक लहान होता, पण उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण यांच्यामधली रेघही लहानच असते. माझ्या शाळेतील एका शिक्षकांनी वर्गात कविता अडखळल्यावर मला ऐकवले होते की तुमच्या लोकांचे पाठांतर फक्त गाण्यापुरते. वर्ग हसला. पुढची कडवी मला येत होती, ती त्या दिवशी आली नाहीत.

म्हणून 'परीक्षा घ्या, त्याने शिकणे होते' हा सल्ला आपल्या वस्तीत जसाच्या तसा आणता येणार नाही. परीक्षा हा शब्द आपल्याकडे दाराचा आहे : कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे हे ती ठरवते. रोडिगर यांची परीक्षा दाराची नाही, आणि याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. त्यांच्याच परंपरेतील पूजा अगरवाल आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली १४०८ शालेय विद्यार्थ्यांचे म्हणणे नोंदवले. गुणांचे ओझे नसलेल्या छोट्या चाचण्या वर्गात नेहमी घेतल्या तेव्हा ७२ टक्के विद्यार्थ्यांनी मोठ्या परीक्षेची धास्ती कमी झाल्याचे सांगितले. तेव्हा विचारण्याने भीती वाढते की कमी होते, हे कोण विचारतो, कशासाठी विचारतो आणि उत्तर चुकले तर काय करतो यावर अवलंबून आहे. हा मानसशास्त्राइतकाच समाजशास्त्राचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या मुंबईतच शोधले गेले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. त्याच्या आरंभीच्या काळात डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले. शालान्त परीक्षेपर्यंत त्यांना शाळेबाहेर मार्गदर्शन दिले आणि त्यांच्या निकालांत मोठी सुधारणा झाली. १९८५ साली कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या केंद्राच्या कामात एक गोष्ट वारंवार पुढे आली : विज्ञानाच्या वाटेवरचा मोठा अडथळा पाठ्यपुस्तकाची भाषा हा आहे. कुलकर्णी पदार्थविज्ञानाचे माणूस होते. मुलांच्या डोक्यात राहत नाही असे म्हणण्याऐवजी त्यांनी त्या डोक्यासमोर काय ठेवले जाते ते तपासले. हा दृष्टिकोन आमच्या महाविद्यालयांत आजही दुर्मीळ आहे.

पुरोगामी वर्तुळात पाठांतराला नावे ठेवण्याची फॅशन आहे, तिच्याविषयीही दोन शब्द. समजून घ्या, पाठ करू नका, असे म्हणणे ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्याला सोपे असते; विसरला तर तो उठून पुस्तक काढतो. आपल्या माणसांचे कपाट त्यांच्या कंठात होते. आंबेडकरी जलशांनी आणि शाहिरांनी अक्षर न कळणाऱ्या माणसांपर्यंत चळवळ पोहोचवली ती पाठांतरावर. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी पुस्तक हाती न धरता म्हणणाऱ्या बाया आजही प्रत्येक वस्तीत भेटतात. त्यांना ती लक्षात राहिली कारण त्यांत त्यांचे स्वतःचे जगणे होते, आणि दरवर्षी १४ एप्रिलला व ६ डिसेंबरला ती पुन्हा आठवून म्हटली गेली. अर्थ आणि अंतराअंतराने आठवण. बार्टलेट आणि रोडिगर यांचा सगळा सारांश त्या गाण्यांत आहे. तेव्हा 'तुमच्या लोकांचे पाठांतर गाण्यापुरते' हे वाक्य कुचेष्टा म्हणून उच्चारले गेले असले तरी त्यात एक सत्य होते. ज्या रीतीने गाणे राहते त्याच रीतीने अर्थशास्त्र आणि इतिहासही राहतात. ती रीत आमच्याकडे आहे. ती शाळेच्या दारात टाकून या, असे आम्हाला सांगितले गेले.

आमच्या रविवारच्या वर्गात आता काही नियम ठरले आहेत. नवा भाग झाला की वह्या मिटायच्या आणि आठवेल ते लिहायचे. तोच भाग पुढच्या रविवारी आणि पुन्हा महिन्याने विचारायचा. आधी घरच्या बोलीत सांगायचे, मग पुस्तकी भाषेत. गुण द्यायचे नाहीत, नावे फळ्यावर लिहायची नाहीत. दोघादोघांनी एकमेकांना विचारायचे, कारण विचारणारा माणूस घरात नसेल तर तो आपल्यातूनच तयार झाला पाहिजे. भरतीची अदलाबदल करणारी मुलगी आता धाकट्यांना विचारते. मी आकडेवारी देत नाही, कारण हा प्रयोग नाही, वर्ग आहे. परंतु 'डोक्यात राहत नाही' हे वाक्य त्या खोलीत ऐकू येईनासे झाले आहे, एवढे मी सांगू शकतो.

या त्रैमासिकाचे वाचक कार्यकर्ते आहेत, विद्यार्थी आहेत, शिक्षक आहेत. आपल्या वस्त्यांत बुद्धविहारांना जोडून, मंडळांच्या खोल्यांत ठिकठिकाणी अभ्यासिका चालतात. त्यांत दिवे आहेत, टेबले आहेत, शांतता पाळा अशी पाटी आहे. मुले तिथे रात्री उशिरापर्यंत पुन्हा पुन्हा वाचत बसतात. माझी सूचना एवढीच आहे की प्रत्येक अभ्यासिकेने रोज अर्धा तास ती पाटी उतरवून ठेवावी. त्या अर्ध्या तासात पुस्तके मिटलेली असावीत आणि मुलांनी एकमेकांना विचारावे. शिकलेल्या प्रत्येकाने आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे फक्त विचारण्यासाठी बसावे. यासाठी अनुदान लागत नाही, सरकारी मंजुरी लागत नाही. ज्या समाजाचे लक्षात ठेवणे एकेकाळी देहदंडाला पात्र होते, त्या समाजातल्या मुलांना 'सांग बरं, काय आठवतंय?' असे मायेने विचारणारी माणसे हवी आहेत.